पांढरी पेशी, पुढची तारीख

पॅथॉलॉजी लॅबमध्ये दोन गोष्टी न मागता साठतात. एक रक्ताच्या वापरलेल्या नळ्या आणि दुसरे किस्से. नळ्या उचलायला रोज गाडी येते. किस्से उचलायला कोणी येत नाही. ते तसेच पडून राहतात आणि एखाद्या दिवशी चार ओळखीची माणसं चहाला बसली की एकामागून एक बाहेर निघतात.

उज्जैनला फ्रीगंजमध्ये, टावर चौकातून जरा आत आलं की माझी छोटी लॅब आहे. माझ्याशिवाय कामाला दोनच माणसं. राठौर भैया हे टेक्निशियन. त्यांचा हात इतका हलका की रक्त काढून झाल्यावर पेशंट विचारतो, "सुई लगी क्या?" आणि काउंटरवर बबीता. तिचा आवाज इतका खणखणीत की कोणाची शुगर वाढली ते गल्लीच्या टोकाला आधी कळतं, पेशंटला नंतर!

चौथे आमचे बाबा. ते लॅबमध्ये कामाला नाहीत, पण आई गेल्यापासून माझ्याकडेच राहतात आणि रोज पेपर घेऊन लॅबच्या बाकावर येऊन बसतात. बाबा जिल्हा कोर्टात रीडर होते. म्हणजे जजसाहेबांच्या शेजारी बसून फाइली पुढे करायच्या आणि प्रत्येक पक्षकाराला पुढची तारीख द्यायची. अर्ध्या उज्जैनला त्यांनी तारखा दिलेल्या आहेत. अजूनही रस्त्यात कोणीतरी हात जोडून म्हणतं, "बाबूजी, आपने बड़ी लंबी तारीख दी थी!" हे कौतुक असतं की तक्रार, ते बाबांना अजून ठरवता आलेलं नाही.

तर किस्से. हसण्यासारखे आहेत म्हणून सांगते आहे. पण आधीच कबूल करते, यातले शेवटचे काही घडत होते तेव्हा मी फार घाबरलेली होते.

*

सगळ्याचं मूळ "पेशी" या शब्दात आहे.

मी जन्माने उज्जैनची. आमच्या घरात पेशी म्हणजे कोर्टातली पेशी. हिंदीत कोर्टापुढे हजर व्हायच्या दिवसाला पेशी म्हणतात आणि आम्ही इकडचे मराठी लोक हिंदीतलं जे सोयीचं असेल ते बिनधास्त उचलतो. पुढे एमडी करायला मी नागपूरला गेले, तिथल्या मैत्रिणींच्या तोंडून "पांढऱ्या पेशी, लाल पेशी" ऐकलं आणि मला ते फार आवडलं. परत आले ती हा शब्द मिरवतच.

लॅब उघडून थोडेच दिवस झाले होते. आमच्या गल्लीतल्या फडणीसकाकू रिपोर्ट घ्यायला आल्या. काकूंचं घराणं शिंदेशाहीपासून इथलं आणि त्यांचा जमिनीचा खटलाही जवळजवळ तेव्हापासूनचा! मी ऐटीत म्हणाले, "काकू, तुमच्या पांढऱ्या पेशी थोड्या कमी झाल्यात."

काकूंचा चेहरा एकदम खुलला. "कमी झाल्या? फार बरं झालं गं बाई! तुझ्या काकांच्या तर पेश्या करून करून चपला झिजल्या." मग जवळ सरकून हळूच विचारलं, "पण पांढरी म्हणजे कोणती गं? दिवाणी का फौजदारी?"

मी घाईघाईने समजावलं की पेशी म्हणजे सेल, रक्तातले बारीक कण, ते आजारांपासून आपल्याला वाचवतात. काकूंचा खुललेला चेहरा उतरला. "मग आता वकील कोण करायचा? आपलं, डॉक्टर?"

बाबा बाकावर होते. पेपर खाली न घेता म्हणाले, "फौजदारीच म्हणायची, वहिनी. दिवाणी असती तर वारसांवर ढकलता आली असती. या पेशीला ज्याला त्याला स्वतः हजर राहावं लागतं."

काकूंनी त्या दिवशी चहा घेतला नाही.

*

डेंग्यूच्या कृपेने आमच्या शहरात प्लेटलेट सगळ्यांना पाठ आहेत. रिक्षावाल्याला विचारा, भाजीवालीला विचारा, पपईच्या पानांचा रस कसा काढायचा ते कोणीही सांगेल. पण पांढऱ्या पेशींतही निरनिराळे प्रकार असतात, त्यात न्यूट्रोफिल असतात, लिम्फोसाइट असतात, असं सांगायला लागलं की समोरचा माणूस भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघायला लागतो.

यावर तोडगा राठौर भैयांनी काढला. एका म्हाताऱ्या पेशंटच्या दंडाला पट्टा बांधता बांधता ते म्हणाले, "देखो दादा, न्यूट्रोफिल मतलब थाने की फोर्स. कहीं झगड़ा हुआ, गाड़ी भर के पहुँच गई. और लिम्फोसाइट मतलब पुराना हवलदार, जिसको मोहल्ले के एक-एक चोर की शकल याद है."

"और ये कम हो जाएँ तो?"

"तो समझो हवलदार रिटायर हो रहे हैं और नई भरती बंद है."

दादा विचारात पडले. "और चोर?"

"चोर की भरती कभी बंद हुई है, दादा?"

तेव्हापासून आमच्या लॅबमध्ये लिम्फोसाइट हा शब्द सहसा कोणी उच्चारत नाही. बबीता काउंटरवरून ओरडते, "अंकल, आपके हवलदार बराबर हैं!" आणि अंकल समाधानाने घरी जातात. एकदा एक खरेखुरे हवलदार तपासणीला आले होते. त्यांचाही रिपोर्ट असाच जाहीर झाला. ते बराच वेळ कागदाकडे बघत राहिले आणि म्हणाले, "थाने में तो दो ही बचे हैं मैडम, खून में इतने सारे?"

*

मग आला तो व्हॉट्सअॅपवरचा मेसेज.

जोशीसाहेब म्हणजे बँकेतून मॅनेजर म्हणून रिटायर झालेले आणि कोठी रोडवर सकाळी फिरायला जाणाऱ्या मंडळींचे पुढारी. त्यांच्या ग्रुपवर कोणीतरी टाकलं की तुम्ही किती जगणार हे साध्या सीबीसीच्या, म्हणजे रक्तपेशींच्या मोजणीच्या, रिपोर्टमध्ये लिहिलेलं असतं. न्यूट्रोफिलला लिम्फोसाइटने भागा. उत्तर जितकं लहान, आयुष्य तितकं मोठं!

दुसऱ्या दिवशी सकाळी अख्खा ग्रुप कॅनव्हासच्या बुटांसकट माझ्या बाकावर! रिपोर्ट मिळाले तसे सगळे मोबाईलवर भागाकार करायला बसले. जोशीसाहेबांनी क्रम लावला. पहिला नंबर कोणाचा आला असेल? दुबेजींचा!

आता हे दुबेजी ग्रुपमध्ये असले तरी फिरत नाहीत. कोठी रोडवर पोचले की पहिल्याच बाकावर बसतात, बाकीचे परत येईपर्यंत तिथेच असतात, मग सगळ्यांबरोबर पोहे-जलेबी खातात. संध्याकाळी भांगेची गोळी वेगळी. बक्षीस मिळाल्यासारखा चेहरा करून ते म्हणाले, "भई, हमने कभी शरीर को परेशान नहीं किया."

दुसऱ्या दिवशी राठौर भैया त्याच रस्त्याने कामावर आले. आल्या आल्या म्हणाले, "मैडम, आज कोई नहीं चल रहा. सब बैठे हैं. बेंच कम पड़ रही है!"

*

शेवटचा नंबर खुद्द जोशीसाहेबांचा होता. ते एकटेच पुन्हा आले, माझ्या केबिनमध्ये बसले आणि रुमालाने कपाळ पुसत म्हणाले, "मॅडम, माझं उत्तर फार मोठं आलंय. खरं सांगा, मुलाला पुण्याहून बोलावून घेऊ का?"

मी त्यांच्या तोंडाकडे पाहिलं. एक गाल चांगला सुजलेला. "दाढ दुखतेय का?"

"दुखतेय. पण ते वेगळं."

"वेगळं नाही हो! तोंडात पू झाला असेल तर थाण्याची फोर्स तिकडे धावणारच. न्यूट्रोफिल वाढलेत, म्हणून उत्तर मोठं आलंय. दाढेचं काय ते बघा, काही आठवडे जाऊ द्या, मग पुन्हा तपासू."

जोशीसाहेबांनी त्याच दुपारी दाढ काढून घेतली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी कापसाचा बोळा तोंडात धरून हजर! "बघा आता. वाढलं का आयुष्य?"

"अहो, एका दिवसात नाही कमी होत ते."

बोळ्यामागून आवाज आला, "आमच्या बँकेत एंट्री त्याच दिवशी पडायची!"

हसू आलं, पण त्यांना मी जे सांगितलं ते तुम्हालाही सांगते, कारण पुढे त्याचाच संबंध आहे. तो मेसेज अगदीच थाप नव्हता. एकदा तपासलेल्या रक्तावरून कोणाचं आयुष्य काढता येत नाही. सर्दी, दाढ, जागरण, एखादं औषध, कशानेही आकडे हलतात. पण बाकी सगळं ठीक असताना लिम्फोसाइट पुन्हा पुन्हा कमीच येत राहिले, तर त्याचा अर्थ असतो. मोठ्या अभ्यासांमध्ये दिसलंय की अशा माणसांमध्ये पुढच्या वर्षांत आजारपणं आणि मृत्यू जास्त होतात. कारण सापडलं तरी आणि न सापडलं तरी.

हे मी जोशीसाहेबांना अगदी शांतपणे, पुस्तकातलं वाचून दाखवावं तसं सांगितलं. दुसऱ्याच्या रक्ताबद्दल बोलताना माणूस फार शांत असतो.

*

बाबांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं. त्याआधीच्या नेहमीच्या तपासण्या आमच्याच लॅबमध्ये केल्या. राठौर भैयांनी रक्त घेऊन मशीनला लावलं, मी दुसऱ्या कामात होते. कागद बाहेर आला तो मी सवयीने उचलला, नाव न वाचता आकड्यांवर नजर टाकली आणि म्हणाले, "या आजोबांना परत बोलवावं लागेल. लिम्फोसाइट फारच कमी आहेत."

राठौर भैया नुसते बाकाकडे बघत राहिले. बाकावर बाबा शब्दकोडं सोडवत होते.

मी मशीनवरच आळ घेतला. तीच नळी पुन्हा लावली. तेच आलं. मग माझं रक्त लावलं, राठौर भैयांचं लावलं, बबीता "मेरा क्यों, मेरा क्यों" म्हणत असताना तिचंही लावलं. आम्हा तिघांचे हवलदार जागच्या जागी. मग काचपट्टी करून मायक्रोस्कोपखाली स्वतः मोजले. तेच. मी मशीनच्या झाकणावर हात आपटला.

राठौर भैया हळूच म्हणाले, "मशीन को मत डाँटो, मैडम. उसको क्या मालूम बाबूजी हैं."

बाकावरून आवाज आला, "काय गं मीनू, काही दिक्कत?"

"काही नाही बाबा. तुम्हाला सर्दी झालीय ना, म्हणून रिपोर्ट थोडा इकडेतिकडे आलाय."

"मला कुठे सर्दी झालीय?"

"होणार असेल."

बाबांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. सगळी नोकरी त्यांनी खोट्या साक्षी ऐकण्यात काढली आहे. त्यांनी रुमाल खिशातून काढून मांडीवर घडी घालून ठेवला, सर्दी आलीच तर हाताशी असावा म्हणून.

*

त्याच आठवड्यात भैरवगढचे सलीमभाई आले. कापडावर ठप्पे मारायचं आणि रंगवायचं काम त्यांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या चालतं. राठौर भैया जेवायला गेलेले, मी आत स्लाइड बघत होते. बबीताने सही करायला कागद पुढे केला असेल, तोच तिची किंकाळी ऐकू आली, "मैडम! पेशंट नीला पड़ गया! पूरा नीला!"

मी धावत बाहेर. माझं डोकं त्या दिवसांत असंही ठिकाणावर नव्हतं. दोन्ही हात मनगटापर्यंत निळे! मी त्यांना खुर्चीत ढकललं, नाडी धरली, बबीताला ओरडले, "ऑक्सिजन कहाँ है?" सलीमभाई घाबरून माझ्याकडे बघतायत, बबीता सिलिंडरला मिठी मारून उभी, बाकावरचे लोक उठून दाराकडे सरकलेले.

सलीमभाईंनी हात सोडवून घेतला आणि फार अदबीने म्हणाले, "मैडम, नील का काम चल रहा है. अब्बा के टाइम से नीला ही हूँ."

मी कपाळाला हात लावला. बबीता अजून खात्री करत होती. तिने बोटाने त्यांचा पंजा घासून पाहिला. "निकलता नहीं क्या?"

"रंग तो पक्का है, बेटा," सलीमभाई म्हणाले. "आदमी की गारंटी नहीं है."

सगळे हसले. मीही हसले, आणि मग आत जाऊन थोडी रडले. बाबांच्या रिपोर्टनंतर मी पहिल्यांदाच हसले होते.

*

कारण शोधायला सुरुवात केली. छातीचा एक्स-रे, किडनी, लिव्हर, व्हिटॅमिन, सगळं. त्यांच्या औषधांची यादी दोनदा तपासली. त्यांना सांगितलं, ऑपरेशनसाठी लागतं. बाबा मुकाट्याने सगळीकडे आले. पोटाच्या सोनोग्राफीला मात्र त्यांनी विचारलंच, "डोळ्याच्या ऑपरेशनला पोट कशाला?"

"नवीन नियम आहे."

"गॅझेटमध्ये आला का?"

इंदूरच्या मोठ्या डॉक्टरांकडेही नेऊन आणलं. सगळं नॉर्मल. ते म्हणाले, "बधाई हो, कुछ नहीं निकला." मी हसून थँक्यू म्हणाले आणि गाडीत बसल्यावर सगळे रिपोर्ट पुन्हा पहिल्यापासून वाचायला लागले. एखादा आजार सापडला असता तर त्याच्याशी भांडता आलं असतं. काहीच नाही आणि हवलदार मात्र कमी, याच्याशी भांडायचं कसं? काही आठवड्यांनी मी पुन्हा रक्त तपासलं. तसंच.

मग मी स्वयंपाकघरात शिरले. या वयात खाणं कमी पडलं तरी लिम्फोसाइट उतरतात, तेवढीच एक आशा होती. बाबा अंड्याला हात लावत नाहीत, म्हणून मी त्यांच्या आमटीत गुपचूप प्रोटीनची पावडर घालायला लागले. पहिल्या दिवशी त्यांनी एक घास खाल्ला, थांबले, दुसरा खाल्ला. वाटी लांब धरून तिच्याकडे बघितलं आणि म्हणाले, "ही आमटी दबावाखाली आहे."

*

बाबांना काय ते राठौर भैयांकडून कळलं. त्यांनी सरळ विचारलं आणि राठौर भैयांना बाबूजींपुढे खोटं बोलता येत नाही.

दुसऱ्या दिवशी बाबा लॅबमध्ये आले ते बाकावर बसले नाहीत. ऐन उन्हाळ्यात बंद गळ्याचा कोट घातलेला. काउंटरपुढे ताठ उभे राहिले आणि म्हणाले, "बबीता, मैडम से कहो, पक्षकार हाज़िर है."

बबीताने ते गल्लीला ऐकू जाईल असं कळवलं.

केबिनमध्ये येऊन ते समोरच्या खुर्चीत, पेशंटच्या, बसले. "मीनू, आरोपीला आधी आरोप वाचून दाखवतात. तू डायरेक्ट शिक्षा सुरू केलीस. ती आमटी!"

मी हसले नाही. मला हसता येईना. मी सांगायला लागले, "बाबा, तुमच्या पांढऱ्या पेशींमधला एक प्रकार कमी आहे. पुन्हा पुन्हा तपासलं, कमीच येतोय. कारण सापडत नाहीये. आणि ज्यांचा असा कमी राहतो, त्यांच्यात..." पुढचं वाक्य मी कितीतरी लोकांना सांगितलेलं आहे. ते तोंडातून निघेना.

"त्यांच्यात लोक लवकर जातात," बाबांनी वाक्य पुरं केलं. "मी जाणार असं लिहिलंय का त्यात?"

"तसं एकट्या माणसाचं नाही सांगता येत. हजारो लोकांचं मिळून सांगता येतं."

बाबा जरा पुढे झुकले. कोर्टात मुद्दा सापडला की ते असे झुकायचे. "म्हणजे गुन्हा गर्दीवर दाखल आहे. माझं नाव एफआयआरमध्ये नाही."

"नाव नाही, पण तुम्ही त्या गर्दीत उभे आहात, बाबा."

"उभा आहे ना? ठीक आहे. त्या गर्दीतले सगळेच आत जातात का?"

"नाही. पुष्कळ जण चांगले राहतात."

"मग तू त्या आमटीत पावडर घालणं आधी बंद कर."

मला रडू आलं. मी म्हणाले, "मला फार भीती वाटते हो, बाबा."

ते उठून माझ्या बाजूला आले. कोटाचं वरचं बटण काढलं. "वाटणारच," ते म्हणाले. "पेशीच्या दिवशी सगळ्यांना वाटते. ज्याने काही केलेलं नसतं ना, त्याला जास्त वाटते. मी रोज बघायचो."

शेवटी तडजोड झाली. पावडर बंद, त्याऐवजी रोज पनीर आणि मूग. लशी राहिल्या होत्या त्या घ्यायच्या. ताप आला तर लपवायचा नाही. आणि दर तीन महिन्यांनी रक्त. बाबांनी सगळ्याला मान्यता दिली, फक्त पनीरवर आक्षेप नोंदवून ठेवला.

*

ऑपरेशन छान झालं. बाबांना आता बबीताच्या टेबलावरची धूळसुद्धा दिसते आणि ते तिला सांगतात, त्यामुळे लॅब जरा स्वच्छ झाली आहे.

आणि मागच्या आठवड्यात तीन महिने पुरे झाले.

सध्या सिंहस्थाच्या तयारीने आमचं अर्धं शहर खोदून ठेवलंय. देवास गेटकडून यायचं तर वळसे घेत घेत यावं लागतं. इथे आता कोणालाही काहीही विचारा, घराचा रंग, मुलीचं लग्न, गुडघ्याचं ऑपरेशन, उत्तर एकच, "सिंहस्थ के बाद देखेंगे." बारा वर्षांनी एकदा येतो, पण येतो तेव्हा गावाची सगळी कामं एकाच खुंटीला टांगून ठेवतो.

बाकावर गर्दी होती. जोशीसाहेब नव्या दाढेसकट आलेले. फडणीसकाकू आपल्या नंबरची वाट बघत पिशवी मांडीवर घेऊन बसलेल्या. बाबा त्यांच्या नेहमीच्या जागी, दंडाला कापूस लावून. गल्लीत काय चाललंय ते सगळ्यांना ठाऊक असतं, त्यामुळे हेही ठाऊक होतं. मशीन घरघरत होतं आणि सगळे त्याच्याकडे बघत होते.

कागद बाहेर आला. या वेळी मी आधी नाव वाचलं आणि मग आकडा. आकडा होता तिथेच होता. वाढलेला नाही, पण आणखी खालीही गेलेला नाही. मी तो पुन्हा वाचला. राठौर भैयांनी माझ्या खांद्यावरून वाचला. आनंद करावा की काळजी, आम्हाला कळेना.

मी बाहेर आले. बबीताने जन्मात पहिल्यांदा हळू आवाजात विचारलं, "मैडम, हवलदार?"

बाबांनी पेपर घडी घालून बाजूला ठेवला. "झाली पेशी?"

"झाली."

"निकाल?"

"निकाल काही नाही, बाबा. सगळं होतं तसंच आहे."

"मग तारीख दे."

"तीन महिन्यांनी या."

बाबांनी मान हलवली. "तीन महिने ही काय तारीख झाली? सिंहस्थानंतरची दे."

बाकावर थोडं हसू फुटलं. जोशीसाहेब म्हणाले, "अहो, तो तर आलाच की जवळ."

"हा नाही हो," बाबा म्हणाले. "त्याच्या पुढचा."

आता कोणी हसलं नाही. मी कशीबशी म्हणाले, "बाबा, इतकी लांबची तारीख कोणी देतं का?"

बाबांनी माझ्याकडे पाहिलं, नव्या वकिलाकडे बघावं तसं. "मागताना लांबचीच मागायची, मीनू. कमी करणारा वर बसलेला असतोच."

मी काउंटरवरचं पेन उचललं. बाबांच्या कार्डावर, पुढच्या तपासणीच्या जागी, त्यांनी सांगितलं तसं लिहिलं आणि खाली सही केली.

मग फडणीसकाकू पिशवी सावरत उठल्या, आपलं कार्ड काढून माझ्यापुढे ठेवलं आणि म्हणाल्या, "मीनू, मला पण तीच दे गं."